विमानं परत उडाली, पण आधी कोणाची?

आजच्या भागाची सुरुवात एका तारखेपासून करू या. २६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार.

त्या दिवशी दिल्लीत नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जाहीर केलं की १५ डिसेंबरपासून आंतरराष्ट्रीय विमानसेवा पुन्हा नेहमीसारखी सुरू होणार. वीस महिने लोक याच बातमीची वाट बघत होते. आणि त्याच दिवशी तिकडे जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या विषाणूच्या नव्या प्रकाराला नाव दिलं, ओमायक्रॉन. १ डिसेंबरला डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाने, कळवलं की १५ डिसेंबर रद्द, नवीन तारीख नंतर सांगू.

म्हणजे दार उघडायची घोषणा जेमतेम पाच दिवस टिकली.

कोविडचा इतिहास सांगताना आपण लॉकडाउनबद्दल भरपूर बोलतो. ते साहजिकच आहे, कारण लॉकडाउन सगळ्यांनी एकत्र भोगला. विमानं परत कशी सुरू झाली, हे मात्र फार कोणी सांगत नाही. एक दिवस बंद होती, मग एक दिवस चालू झाली, असं आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात बंद व्हायला एक रात्र लागली आणि उघडायला दोन वर्षं. त्या दोन वर्षांत दार एकदम कधीच उघडलं नाही. आधी थोडं, मग आणखी थोडं, मध्येच परत बंद. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवत होतं की या फटीतून आधी कोण जाणार. आजचा भाग त्या रांगेबद्दल आहे.

एक आठवडा, फक्त एक आठवडा

मार्च २०२० आठवा. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. त्याच दिवशी भारताने बहुतेक सगळे व्हिसा स्थगित केले. परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांकडे ओसीआय कार्ड असतं, त्यावर व्हिसाशिवाय येता येतं. ती सवलतही थांबली. पुण्यात दोनच दिवस आधी राज्यातले पहिले रुग्ण सापडले होते, दुबईहून परतलेले. त्यानंतर आपल्याकडे परदेशातून येणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्के मारायला सुरुवात झाली. शाई कुठली, तर मतदानाची. बोटावरची शाई अभिमानाने दाखवणारे आपण, तीच शाई हातावर दिसली की ट्रेनमध्ये लांब सरकून बसायला लागलो.

मग १९ मार्चला आदेश निघाला: २२ मार्चपासून एक आठवडा कुठलंही नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमान भारतात उतरणार नाही. ती वेळ भारतीय घड्याळात मोडायची तर २३ मार्चच्या पहाटे दीड वाजून एक मिनिट. आदल्या संध्याकाळी जनता कर्फ्यूच्या थाळ्या वाजून गेल्या होत्या. २४ तारखेला रात्री आठ वाजता लॉकडाउन जाहीर झाला, आणि त्या मध्यरात्रीपासून देशातली विमानंही थांबली.

देशातली विमानं दोन महिन्यांनी, २५ मेला, सुरू झाली. आंतरराष्ट्रीय विमानांचा तो ‘एक आठवडा’ मात्र वाढत गेला. डीजीसीएचं परिपत्रक जवळपास दर महिन्याला यायचं. मजकूर तोच, फक्त तारीख बदललेली. ज्याची आई इकडे आणि नोकरी तिकडे, तो दर महिनाअखेरीला ते परिपत्रक उघडायचा, तारीख बघायचा आणि बंद करायचा.

आकडा सांगतो. २०१९-२० मध्ये भारतातल्या विमानतळांवरून साडेसहा कोटींहून जास्त लोकांनी आंतरराष्ट्रीय प्रवास केला होता. पुढच्या वर्षी तो आकडा आला जेमतेम एक कोटीवर.

आकाश मोकळं कधी होतं?

इथे जरा मागे जाऊ, कारण पुढचं समजायला हे लागेल.

आपल्याला वाटतं की विमानसेवा ही मोबाईल नेटवर्कसारखी असते, पैसे भरले की चालू. तसं नाही. १९४४ च्या डिसेंबरमध्ये, दुसरं महायुद्ध चालू असतानाच, शिकागोमध्ये ५२ देशांनी एक करार केला. नागरी विमान वाहतुकीचा आजचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. त्याचं पहिलं कलम सांगतं की आपल्या जमिनीवरच्या आकाशावर त्या त्या देशाचीच सत्ता. सहावं कलम सांगतं की परवानगीशिवाय कुठलीही नियमित आंतरराष्ट्रीय सेवा दुसऱ्या देशात जाऊ शकत नाही. म्हणून दोन-दोन देश आपापसात करार करतात: तुमच्या इतक्या फेऱ्या, आमच्या इतक्या.

थोडक्यात, आकाश हे नेहमीच परवानगीवर चालत आलंय. परवानगी इतकी सवयीची झाली होती की आपल्याला दिसेनाशी झाली. २०२० मध्ये ती पुन्हा दिसायला लागली.

आणि साथीच्या भीतीने दार लावणं, हेही नवीन नाही. त्याच शिकागो करारात चौदावं कलम आहे, विमानातून रोग पसरू नयेत म्हणून. त्यात कॉलरा, देवी, पिवळा ताप, प्लेग अशी नावंच लिहिलेली आहेत. त्याच्याही आधी, १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. पुढच्याच वर्षी युरोपातले देश व्हेनिसला जमले. विषय एकच, मुंबईचा प्लेग आपल्याकडे येऊ द्यायचा नाही. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी वाहतूकही थांबवली गेली. पुढे १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हा आखातातल्या देशांनी भारताची विमानं बंद केली होती.

म्हणजे आपण या खेळात दोन्ही बाजूंना राहिलोय. कधी दार लावणारे, कधी ज्यांच्या तोंडावर दार लागतं ते.

यादीत नाव आहे का?

७ मे २०२० ला वंदे भारत मोहीम सुरू झाली. पहिली दोन विमानं त्या रात्री केरळात उतरली, अबू धाबीहून कोचीला आणि दुबईहून कोळिकोडला. पहिल्या आठवड्यासाठी ठरलेली योजना अशी: १२ देश, ६४ विमानं, सुमारे १४,८०० माणसं. समुद्रातूनही माणसं आणली. नौदलाची आयएनएस जलाश्व १० मेला मालदीवहून ६९८ जणांना घेऊन कोचीला लागली.

तिकीट फुकट नव्हतं. लंडनहून मुंबईला यायला सुमारे ५० हजार रुपये, अमेरिकेहून सुमारे एक लाख. आल्यावर विलगीकरणाचा खर्चही आपलाच. पण पैसे असले तरी जागा मिळेलच असं नव्हतं. आधी दूतावासाकडे नाव नोंदवायचं, मग यादी लागणार. अगोदर गरोदर बायका, म्हातारी माणसं, आजारी, नोकरी गेलेले कामगार, अडकलेले विद्यार्थी. ही यादी माणुसकीची होती, त्याबद्दल वाद नाही. पण ही पहिली वेळ, जेव्हा आपल्या पिढीने पाहिलं की खिशात तिकिटाचे पैसे असूनही घरी जाण्यासाठी ‘पात्र’ ठरावं लागतं.

या विमानांमध्ये मधल्या सीटवर माणूस बसवायचा की नाही, यावरून एक वैमानिक मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. २५ मेला, सुट्टी असताना, तिथे सुनावणी झाली. न्यायालयाने ६ जूनपर्यंत मधली सीट भरायला परवानगी दिली, कारण त्या विमानांची तिकिटं आधीच लोकांना दिलेली होती.

आणि एक रात्र विसरता येत नाही. ७ ऑगस्ट २०२०. दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं वंदे भारत विमान कोळिकोडला भर पावसात उतरलं, टेकडीवरच्या धावपट्टीच्या बाहेर गेलं आणि खाली कोसळलं. विमानात १९० जण होते, २१ गेले. दोन्ही वैमानिक गेले. त्यातले कॅप्टन दीपक साठे हवाई दलातले माजी विंग कमांडर. प्रवाशांमध्ये नोकरी गेली म्हणून सामान आवरून कायमचे घरी निघालेले लोक होते. करिपूर परिसरातले रहिवासी महासाथीची भीती बाजूला ठेवून मदतीला धावले आणि जखमींना मिळेल त्या गाडीतून हॉस्पिटलात घेऊन गेले.

बबल नावाची भानगड

आता थोडा व्यवहार. वंदे भारतच्या विमानांना नाव होतं सुटकेचं, पण ती विमानं इथून जाताना रिकामी थोडीच जाणार? जाताना त्यात तिकीट काढून प्रवासी जायला लागले. अमेरिकेने यावर बोट ठेवलं. २२ जून २०२० ला अमेरिकेच्या परिवहन खात्याने आदेश काढला की एअर इंडियाच्या अशा विमानांना यापुढे प्रत्येक वेळी आगाऊ परवानगी लागेल. म्हणणं असं की तुमची कंपनी तिकिटं विकतेय आणि आमच्या कंपन्यांना तुम्ही येऊच देत नाही.

तीन-चार आठवड्यांत तोडगा निघाला. १६ जुलैला तेव्हाचे मंत्री हरदीप सिंग पुरी यांनी ‘एअर बबल’ जाहीर केले. सुरुवात अमेरिका आणि फ्रान्सपासून, जर्मनीशी बोलणी चालू. बबल म्हणजे काय? दोन देशांनी ठरवायचं की बाकी जगाला दार बंद, पण आपल्या दोघांमध्ये एक खिडकी. दोन्हीकडच्या कंपन्या ठरलेल्या फेऱ्या मारतील, कोण बसू शकेल तेही ठरलेलं असेल.

ऐकायला साबणाच्या फुग्यासारखं हलकं वाटतं. आतमध्ये मात्र तीच १९४४ ची घासाघीस. सप्टेंबरअखेरीस भारताने लुफ्थान्साच्या वेळापत्रकाला परवानगी नाकारली आणि लुफ्थान्साला ३० सप्टेंबरपासून भारतातली विमानं रद्द करावी लागली. भांडण विषाणूवरून नव्हतं. भांडण होतं आठवड्याला कोणाच्या किती फेऱ्या यावरून. फ्रँकफर्टचं तिकीट काढून बसलेल्या माणसाला हे कोण समजावणार?

२०२१ संपेपर्यंत भारताचे असे बबल पस्तीसच्या आसपास देशांशी झाले. म्हणजे अधिकृतपणे विमानसेवा ‘बंद’ होती, आणि लाखो लोक उडत होते. दोन्ही खरं होतं. फक्त तुमचा देश यादीत हवा, तुमचा व्हिसा त्या खिडकीत बसणारा हवा, आणि कमी फेऱ्यांमुळे चढलेलं भाडं तुमच्या खिशाला झेपणारं हवं.

दार आपल्यावर लागलं

एप्रिल २०२१. दुसरी लाट. ऑक्सिजन, बेड, रेमडेसिव्हिर. ते महिने मी पुन्हा सांगत बसत नाही, तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी त्याची स्वतःची गोष्ट आहे. पण त्याच आठवड्यांत जगाने आपल्यावर दार लावलं.

कॅनडाने २२ एप्रिलला भारतातून थेट विमानं बंद केली. ब्रिटनने २३ एप्रिलला भारताला लाल यादीत टाकलं. ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक असाल किंवा तिथले रहिवासी असाल तरच या, आणि आल्यावर हॉटेलात दहा दिवस, १,७५० पौंड भरून. त्या तारखेच्या आधी पोहोचण्यासाठी कंपन्यांनी जादा विमानं मागितली, हीथ्रोने नाही म्हटलं. यूएई त्याच आठवड्यात बंद झालं. अमेरिका ४ मेपासून.

ऑस्ट्रेलियाने तर कमाल केली. २७ एप्रिलला भारतातून येणारी विमानं थांबवली, आणि ३ मेपासून असा नियम केला की चौदा दिवसांत भारतात राहून कोणी ऑस्ट्रेलियात आलं, मग ते ऑस्ट्रेलियाचे नागरिक का असेनात, तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग किंवा ६६ हजार डॉलरपर्यंत दंड. भारतात तेव्हा सुमारे ९,००० ऑस्ट्रेलियन परत जायच्या प्रतीक्षेत होते. त्यातले बरेचसे मूळचे आपलेच, आजारी आई-वडिलांना भेटायला आलेले. आयपीएल ४ मेला थांबली आणि त्यांचे क्रिकेटपटूही अडकले. ते मालदीवला गेले आणि बंदी उठल्यावर तिथून घरी. १५ मेला पहिलं विमान डार्विनला उतरलं तेव्हा त्यात १५० जागा होत्या, पण जवळपास निम्म्या रिकाम्या. कारण चाचणीत कोणी पॉझिटिव्ह निघालं, कोणी पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात होतं. म्हणजे ज्यांना परतायची सगळ्यात जास्त गरज, तेच मागे राहिले.

या काळात लोकांनी जे रस्ते शोधले ते नकाशावर बघण्यासारखे आहेत. कॅनडाला जायचं तर तिसऱ्या देशात जाऊन तिथे आरटीपीसीआर करायची अट होती. म्हणून आपले विद्यार्थी टोरोंटोला जायला मेक्सिको, सर्बिया, इजिप्त असे फिरून गेले. आखातात नोकरी असणारे आधी दुसऱ्या देशात चौदा दिवस काढायचे आणि मग पुढे. आपल्या रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी घरं आखाताच्या पगारावर चालतात. रजेवर गावी आलेल्या माणसाची व्हिसाची मुदत संपत चालली आहे आणि विमान नाही, म्हणजे त्या घरात काय चालू असेल याचा अंदाज करा.

पुण्याची लस, लंडनचा दंड

मग लसी आल्या आणि वाटलं की आता सुटलो. इथे रांग लावण्याची नवी पद्धत सुरू झाली.

१ जुलै २०२१ ला युरोपियन युनियनचं कोविड प्रमाणपत्र लागू झालं. त्यांच्या यादीत अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस होती, तीच लस पुण्यात सीरममध्ये बनलेली असेल, म्हणजे कोविशील्ड, तर ती नव्हती. मग एकेका देशाने वेगवेगळी मान्यता द्यायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये यूएईने दार किलकिलं केलं, पण सुरुवातीला दोन्ही डोस यूएईतच घेतलेल्या रहिवाशांसाठी.

सगळ्यात गंमत ब्रिटनची. सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की ४ ऑक्टोबरपासून अमुक देशांत लस घेतलेल्यांना विलगीकरण नाही. त्या यादीत भारत नव्हता. म्हणजे कोविशील्डचे दोन डोस घेतलेला माणूस लंडनला उतरला की लस न घेतलेलाच धरायचा आणि दहा दिवस घरात. आता लक्ष द्या. त्याच वर्षी मार्चमध्ये सीरमने पुण्याहून ५० लाख डोस ब्रिटनला पाठवले होते. पुण्याची कुपी लंडनच्या दंडात गेली तर तो माणूस सुरक्षित, आणि पुण्याच्या दंडात गेली तर धोकादायक!

ओरड झाली. २२ सप्टेंबरला ब्रिटनने कोविशील्डचं नाव घातलं, तरी भारत यादीत नाहीच. आता म्हणे अडचण लसीची नाही, प्रमाणपत्राची.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला इथे खरा रस. कोविनच्या प्रमाणपत्रावर जो क्यूआर कोड होता, त्यात डिजिटल सही होती. तंत्र उत्तम होतं. युरोपच्या क्यूआरमध्येही डिजिटल सही होती, तेही तंत्र उत्तम. फक्त दोन्हींची आतली लिपी वेगळी. दिसायला दोन्ही काळे-पांढरे चौकोनच, पण एकाचं यंत्र दुसऱ्याचं वाचू शकत नव्हतं. आणि वाचता आलं तरी पुढचा प्रश्न राहतोच: ही सही खरी आहे हे मी कोणाच्या शब्दावर मानू? तो प्रश्न कोड लिहून सुटत नाही. त्यासाठी दोन सरकारांचा एकमेकांवर विश्वास लागतो.

शिवाय छोट्या गोष्टी नडल्या. कोविनवर सुरुवातीला पूर्ण जन्मतारीख नसायची, वय किंवा जन्मवर्ष असायचं. आपल्याकडे त्यावाचून काही अडत नव्हतं. परदेशी काउंटरवर पासपोर्टशी पडताळताना अडायला लागलं. मग पासपोर्ट नंबर जोडायची सोय झाली, नंतर जन्मतारखेची. शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना कोविशील्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घ्यायची खास मुभा जूनमध्येच मिळाली होती. ऑगस्टमध्ये अदर पूनावालांनी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विलगीकरणाच्या खर्चासाठी १० कोटी रुपये बाजूला काढले.

शेवटी भारताने जशास तसं केलं. ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना इथे दहा दिवस विलगीकरण. एका आठवड्यात, ११ ऑक्टोबरला, लंडनने भारताचं प्रमाणपत्र मान्य केलं. त्या सात दिवसांत विज्ञान बदललं नव्हतं. लस तीच होती, क्यूआर तोच होता.

कोव्हॅक्सिनवाल्यांची गोष्ट आणखी लांबली. त्या लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबरला मिळाली. अमेरिका लस घेतलेल्यांसाठी उघडली ८ नोव्हेंबरला. पाच दिवसांचं अंतर! आणि लक्षात घ्या, लसीकरण केंद्रावर कुठली कुपी उघडलेली आहे हे आपण ठरवलं नव्हतं. त्या दिवशी जी होती ती घेतली. त्यावर नंतर कोणाची आई बाळंतपणाला जाऊ शकली आणि कोणाची नाही.

कीव्हचं तिकीट

आता पुन्हा त्या २६ नोव्हेंबरपाशी येऊ. ओमायक्रॉनमुळे उघडणं पुढे गेलं. आधी ३१ जानेवारी, मग २८ फेब्रुवारी, मग ‘पुढील आदेशापर्यंत’. ११ जानेवारी २०२२ पासून तर प्रत्येक येणाऱ्याला सात दिवस घरात राहायचा नियम आला, तो १४ फेब्रुवारीला गेला.

याच दरम्यान युक्रेनवर युद्धाचे ढग जमत होते. तिथे आपले वीस हजारांच्या आसपास विद्यार्थी, बहुतेक मेडिकलचे. भारत-युक्रेन बबल होता, म्हणजे फेऱ्या मोजक्या. मुलांना निघायचं होतं, तिकिटं मिळत नव्हती, मिळाली तर महाग. १७ फेब्रुवारीला सरकारने त्या बबलमधली फेऱ्यांची मर्यादा काढली. २२ फेब्रुवारीला एअर इंडियाचं एक विमान मुलांना घेऊन आलं. २४ फेब्रुवारीला पहाटे रशियाने हल्ला केला, युक्रेनचं आकाश बंद झालं, आणि कीव्हला निघालेलं पुढचं विमान वाटेतूनच परत फिरलं.

मर्यादा उठणं आणि आकाश बंद होणं यात एक आठवडा. पुढे ऑपरेशन गंगामधून मुलं आली, पण पोलंड, रोमानिया, हंगेरीच्या सीमेपर्यंत बर्फातून, गर्दीच्या ट्रेनमधून, चालत. एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये मारला गेला. बबल नसता तर हे टळलंच असतं असं मी म्हणणार नाही, कारण अनेक जण कॉलेज सोडावं की नाही याच विचारात थांबले होते. पण महासाथीसाठी केलेली मोजकी खिडकी युद्धाच्या दिवशीही मोजकीच असते, हे त्या आठवड्यात दिसलं.

२७ मार्च

८ मार्च २०२२ ला ज्योतिरादित्य शिंदे यांच्या खात्याने तारीख जाहीर केली. ती तारीख टिकली. २७ मार्च २०२२, रविवार, विमानांच्या उन्हाळी वेळापत्रकाचा पहिला दिवस. बबल संपले, जुने करार परत लागू. ४० देशांच्या ६० कंपन्यांना आठवड्याला १,७८३ फेऱ्यांची मंजुरी. विमानात आजारी प्रवाशासाठी तीन सीट रिकाम्या ठेवायचा नियम गेला, कर्मचाऱ्यांचे ते पांढरे पीपीई सूट गेले.

दोन वर्षांत बाकी जग बदललेलं होतं. वुहानपासून वंदे भारतपर्यंत जिने माणसं आणली ती एअर इंडिया बरोबर दोन महिन्यांपूर्वी, २७ जानेवारीला, टाटांकडे गेली होती. फॉर्म भरायचं ते ‘एअर सुविधा’ पोर्टल मात्र चालूच राहिलं, ते नोव्हेंबरमध्ये बंद झालं.

आणि दार उघडलं म्हणजे सगळ्यांसाठी उघडलं का? चीनमध्ये मेडिकल शिकणारे आपले वीस हजारांहून जास्त विद्यार्थी २०२० च्या सुरुवातीला सुट्टीवर आले ते इथेच अडकले होते. नांदेड, लातूर, जळगावच्या घरात बसून लॅपटॉपवर शरीरशास्त्र शिकत होते. चीनने त्यांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली ऑगस्ट २०२२ मध्ये. ज्यांचं शेवटचं वर्ष ऑनलाइनच संपलं, त्यांना इथे एकाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप सांगितली गेली. त्यांच्या आयुष्यातली ती वर्षं कुठल्या उन्हाळी वेळापत्रकात परत येणार नव्हती.

भारत आणि चीनमधली थेट विमानं तर त्याहून उशिरा आली. २०२० मध्ये थांबली, मग गलवान झालं, आणि विषाणूने लावलेलं दार राजकारणाने धरून ठेवलं. २६ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री कोलकात्याहून ग्वांगझोला इंडिगोचं विमान निघालं, तेव्हा ते उघडलं. साडेपाच वर्षांनी.

मग लक्षात काय ठेवायचं?

दार लावणं चूक होतं असं मला म्हणायचं नाही. मार्च २०२० मध्ये कोणालाच काही कळत नव्हतं, आणि तेव्हा थांबवणं समजण्यासारखं होतं. माझा मुद्दा उघडण्याबद्दल आहे. बंद करताना सगळे सारखे होते. उघडताना पासपोर्ट कुठला, लस कुठली, ती टोचली कुठे, प्रमाणपत्रावर जन्मतारीख कशी लिहिली, दोन देशांच्या कंपन्यांचं पटतंय का, यावर माणसं पुढे-मागे झाली. यातल्या किती गोष्टी आजाराशी संबंधित होत्या, ते तुम्हीच मोजा.

पुन्हा साथ येईल, आज ना उद्या. तेव्हा टीव्हीवर चर्चा होईल की सीमा बंद करायच्या का. ती होऊ दे. पण त्याच दिवशी आपण दुसरा प्रश्नही विचारायला हवा: उघडायचा क्रम कोण ठरवणार, आणि तो आम्हाला आधी कळेल का? ‘एक आठवडा’ म्हणून लावलेल्या दाराला पुढची तारीख कोणत्या निकषावर मिळते, हे परिपत्रकात लिहिलेलं असायला हवं. बाहेर ताटकळणाऱ्या माणसाला निदान एवढं तरी कळायला हवं की तो रांगेत कितवा आहे.

तुमच्या घरात या दोन वर्षांत कोणी अडकलं असेल, लग्न चुकलं असेल, शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर झालं असेल, तर ते आमच्यासाठी रेकॉर्ड करून पाठवा. सरकारी कागदांत तारखा सापडतात, या गोष्टी सापडत नाहीत. आणि हो, जुना फोन विकायच्या आधी त्यातलं ते कोविनचं प्रमाणपत्र आणि बोर्डिंग पासचे फोटो कुठेतरी जपून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.